लोहाऱ्याचे रिंगण

प्रवासाचा लेख म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. हिमालय नाही तर निदान कोकणातली एखादी खाडी तरी. मी गेलो लोहाऱ्याला. पूर्वी ज्याला उस्मानाबाद म्हणत आणि 2023 सालापासून ज्याचे नाव धाराशिव झाले, त्या जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. येथे लेणी नाहीत, थंड हवा नाही, समुद्र तर शेकडो कोस दूर. इथे पाहण्यासारखे काय आहे, असे गावातच कोणाला विचारले तर तो डोके खाजवतो आणि म्हणतो, "नळदुर्गचा किल्ला बघितलाव का?" आणि नळदुर्ग तर येतानाच मागे पडलेले असते.

तरीही मी गेलो. कारण गाव माझे आहे, आणि गावाकडे माझी एक बाकी राहिली होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला बाकी स्वस्थ बसू देत नाही.

सोलापुराहून हैदराबादच्या हमरस्त्याने एस.टी. निघाली. नळदुर्गाला बोरी नदी आडवी आली. तो किल्ला आणि नदीच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल मी खिडकीतूनच पाहिला आणि मनातल्या मनात हात जोडले. जळकोट गेले, आणि पुढे आष्ट्याच्या मोडावर गाडी हमरस्ता सोडून डावीकडे वळली. मोड लागला की माझ्या वडिलांना लोहाऱ्याचा वास येई. मला आला तो सोयाबीनच्या भुसाचा. माझ्या लहानपणी या काळ्या रानात नजर पोचेल तिथवर ज्वारी असे. दसरा उलटला की पेरणीची घाई. आता मळणी यंत्रे धूळ उडवत होती आणि रस्त्याच्या एका अंगाला सोयाबीन वाळत घातले होते. ड्रायव्हर त्या पिवळ्या पट्ट्याला चाक न लावता बेताने गाडी काढत होता. शहरातला ड्रायव्हर माणसाला इतका जपत नाही.

पण माझा हा प्रवास खरे म्हणजे सोलापुरात सुरू झालाच नाही. तो सुरू झाला लंडनमध्ये, 2007 सालच्या ऑक्टोबर महिन्यात. वाचकांनी माझ्याबरोबर थोडे मागे आणि बरेच दूर यायला हवे.

त्या वर्षी माझी मुलगी नोकरीनिमित्त लंडनला होती आणि मी पंधरा दिवस तिच्याकडे राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आज नाटकाला जाऊ." मी कोट चढवला. बार्बिकन नावाच्या मोठ्या नाट्यगृहाशी आम्ही गेलो, तर तिथे मला खुर्ची देण्याऐवजी सायकल दिली! मी मुलीकडे पाहिले. ती हसत होती. "तुम्हाला येते ना? मग झाले तर."

त्या प्रयोगाचे नाव 'रायडर स्पोक'. ब्लास्ट थिअरी नावाची एक कलावंतांची मंडळी आहे. 1991 पासून ती एकत्र काम करतात. 2001 साली शेफील्ड शहरात त्यांनी एक खेळ मांडला होता. त्यात घरी संगणकापुढे बसलेल्या खेळाडूंना खरोखरीच्या रस्त्यांवरून धावणारे नट पकडू पाहत. या खेळाला पुढे 2003 साली ऑस्ट्रियातला एक मोठा पुरस्कार मिळाला. नॉटिंगहॅम विद्यापीठातले संशोधक त्यांच्या मदतीला असत. मोबाइल घेऊन माणसे रस्तोरस्ती अदृश्य प्राणी पकडत फिरू लागली ती 2016 साली; या मंडळींनी रस्त्याचे पटांगण त्याआधी पंधरा वर्षे केले होते.

'रायडर स्पोक'चा प्रकार असा. सायकलच्या मुठींच्या मधोमध नोकियाचा एन-800 हा हातात मावणारा लहान संगणक बसवलेला. कानात एका बाईचा शांत आवाज. तुम्ही एकट्याने, रात्रीच्या शहरात, हवे तिकडे जायचे. सुमारे तासभराचा खेळ. आवाज तुम्हाला प्रश्न विचारतो, आणि उत्तर देण्यासाठी तुम्ही लपायची जागा शोधायची: एखादी कमान, एखादा जिना, भिंतीचा कोपरा. त्या जागी आधी कोणी लपलेले नसेल तर पडद्यावर पाकोळ्या भिरभिरतात. मग तिथे उभे राहून तुम्ही बोलायचे, आणि तुमचे बोलणे त्या जागेपाशी ठेवले जाते. आधी कोणी तिथे लपून गेले असेल तर पडद्यावर लहानसे घर दिसते. तिथे थांबले की त्या अनोळखी माणसाचे उत्तर तुमच्या कानात ऐकू येते. गंमत ही की, ते उत्तर त्याच जागी गेल्याशिवाय ऐकता येत नाही.

यंत्राला जागा कशी ओळखू येते, हे मी मुलीला खोदून खोदून विचारले. ती म्हणाली, प्रत्येक इमारतीतून वायफायच्या लहरी येत असतात. कोणत्या कोपऱ्यावर कोणकोणत्या लहरी पोचतात आणि किती जोराने, याची यंत्र यादी करते. ती यादी म्हणजेच त्या जागेचा अंगठा. मला ते चटकन पटले. आमच्या घरासमोर पाऊल टाकले की डोळे मिटूनही कळे: डाव्या कानाला पिंजाऱ्याची तार, उजव्या नाकपुडीला तेलाचा घाणा.

तर मी सायकल मारीत निघालो. पन्नाशी उलटलेला माणूस, परक्या देशात, अंधारात! पहिले काही प्रश्न सोपे गेले. आपले नाव ठेवा, आपले वर्णन करा. मग त्या बाईने वडिलांविषयी विचारले. त्यांच्या किंवा तुमच्या आयुष्यातला एखादा क्षण धरून ठेवा आणि त्यांच्याविषयी सांगा, अशा अर्थाचे काही ती म्हणाली.

मी स्मिथफील्डच्या मांसबाजारामागच्या एका गल्लीत शिरलो. सगळे सामसूम होते. पाकोळ्या भिरभिरल्या. मी एक पाय फरशीवर टेकला आणि जे एकेचाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते ते सांगून टाकले. मराठीत सांगितले. माझ्या मागून जो कोणी त्या भिंतीशी येईल त्याला त्यातले अक्षरही कळणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. म्हणजे कबुली तर दिली आणि ऐकणाऱ्याला कळू दिली नाही! त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ही लबाडी माझी मलाच टोचली. गोष्ट लोहाऱ्याची, आणि ठेवून आलो लंडनच्या भिंतीपाशी.

ती गोष्ट अशी.

आमच्या वडिलांचे लोहाऱ्यात सायकलचे दुकान होते. सात सायकली, तासाच्या भाड्याने. 1966 साल असावे. मी दहा वर्षांचा होतो. दिवाळी होऊन गेलेली, रात्री गार पडू लागलेल्या. एके दिवशी गावात एक सायकलवाला आला. हल्लीच्या मुलांना सायकलवाला म्हणजे काय, हे सांगावे लागेल. हा माणूस गावाच्या मैदानात दोरी बांधून रिंगण आखी, मध्ये बांबू रोवून पताका लावी, कर्णा टांगी, आणि सायकलवर बसून जाहीर करी की, सात दिवस सात रात्री पाय जमिनीला टेकणार नाही. सायकलवरच जेवण, सायकलवरच अंघोळ, सायकलवरच दाढी. दिवसभर गोल गोल. संध्याकाळी गर्दी जमली की खेळ: जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा, मुठींवर उभे राहायचे, चार पोरांना अंगाखांद्यावर घेऊन फेरी मारायची. सातव्या दिवशी गावाने जे द्यायचे ते द्यायचे.

आमचा सायकलवाला विजापूरकडचा होता. सडपातळ, काळासावळा, कानडी हेल काढून मराठी बोलणारा. त्याच्याबरोबर तबकड्या लावणारा एक पोरगा होता. गॅसबत्तीच्या उजेडात तो नुसता फिरत राहिला तरी आम्ही तोंड उघडे टाकून पाहत बसत असू.

पण खरी रंगत फर्माइशीची. कोणी चार आणे दिले की त्याचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाई आणि त्याच्या आवडीची तबकडी लागे. दुसऱ्या आळीचा कोणी आठ आणे देऊन ते गाणे मध्येच बंद करायला लावी. मग पहिला रुपया देऊन पुन्हा लावायला सांगे. सायकलवाला गाण्याच्या तालावर सायकल नाचवत असल्यामुळे दोन आळींच्या या ओढाताणीत त्याची मात्र त्रेधा होई आणि लोकांना हसू आवरत नसे. कोणी पैज लावी: "उलट्या दांड्यावर बसून तीन फेऱ्या मारशील तर दोन रुपये." खेळ त्याचा, पण सूत्रे अशी सगळ्या गावाच्या हातांत. लंडनला त्या प्रयोगाविषयी लिहिलेल्या कागदावर, यात प्रेक्षक हाच नट, असे काहीसे वाचले तेव्हा मी मुलीला म्हणालो, "हे आमच्या लोहाऱ्याला चार आण्यांत होत असे."

सायकलवाला फिरत असता सायकलची निगा कोणी करायची? तर वडिलांनी. ते त्याच्या बाजूने चालत, चालत्या सायकलच्या साखळीत तेल सोडत, चाकात हवा भरायची तर पंप घेऊन बरोबर धावत. मला त्यांचा कोण अभिमान वाटे!

पाचव्या रात्री मला जाग आली. वडील अंथरुणात नव्हते. मी लघवीच्या निमित्ताने उठलो आणि मैदानाकडे गेलो. गॅसबत्ती मंद केलेली होती. रिंगणात सायकल फिरत होती; पण पायटे हलत नव्हते. वडील एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने खोगीर धरून सायकल ढकलत होते, आणि सायकलवाला त्यांच्या खांद्यावर डोके टाकून गाढ झोपला होता. वडील हळूहळू चालत होते, तान्ह्या मुलाला घेऊन बाई अंगणात फेऱ्या मारते तसे. चाक थांबत नव्हते.

मी परत येऊन झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत, मधल्या सुट्टीत, पोरे सायकलवाल्याच्या बढाया मारीत असता मी म्हणालो, "मला विचारा! तो रात्री झोपतो. आमचे वडील त्याला ढकलतात." एवढेच. त्या क्षणी दहा-पंधरा पोरे माझ्याभोवती गोळा झाली. आयुष्यात पहिल्यांदाच मला सगळ्यांना ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक होती. तिची चव मी अजून विसरलेलो नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झाले. मारुतीच्या पारावर बैठक बसली. सायकलवाला फिरतच होता. बैठकीतले सगळे त्याला दिसत होते आणि तो बैठकीला. "फसवलं," असे सगळे म्हणू लागले. तेव्हा माझे वडील उठून उभे राहिले. एरवी ते चार माणसांत बोलत नसत. ते म्हणाले, "ढकललं मी. त्याचा पाय टेकला नाही. बोली पाय न टेकण्याची होती, न झोपण्याची नव्हती."

कोणी ऐकले नाही. सातव्या दिवसाचे बक्षीस रद्द झाले. त्या रात्री सायकलवाल्याने सायकल थांबवली आणि पाय टेकला. सकाळी पाहतो तर मैदानात तुटकी दोरी आणि दोन-चार पताका. वडिलांना मात्र 'ढकल्या' हे नाव कायमचे पडले. मॅट्रिक होईपर्यंत मी 'ढकल्याचा पोरगा' होतो.

कोणी बोलले, हे वडिलांनी कधीच विचारले नाही. मी कधी सांगितले नाही. 1989 साली ते गेले.

लंडनहून आल्यावर मी या सायकलच्या रिंगणाविषयी मिळेल ते वाचू लागलो. मनात एकच प्रश्न: वडिलांचे म्हणणे खेळाच्या न्यायाने बरोबर होते की नाही? तर इंग्लंडात 1878 साली, लंडनच्याच इझ्लिंग्टन भागातल्या एका मोठ्या दालनात, डेव्हिड स्टँटन नावाच्या सायकलपटूने सहा दिवसांत हजार मैल तोडण्याची पैज मारली आणि जिंकली. मग सहा दिवसांच्या शर्यतींचे पेव फुटले. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक रात्ररात्र बसून हा तमाशा पाहत. झोपेवाचून सायकलपटूंना भास होत, ते पडत, उठत, पुन्हा बसत; आणि पडण्याचेच तिकीट जास्त खपे. अखेर त्या शतकाच्या शेवटी तिथल्या कायद्याने सांगितले की, एका माणसाने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त शर्यत करायची नाही.

यावर शर्यतवाल्यांनी तोड काढली ती मोठी सुंदर. दोघांची जोडी करायची; एक फिरेल तेव्हा दुसरा विसावा घेईल. या प्रकाराला त्या इमारतीवरून 'मॅडिसन' हेच नाव पडले, आणि 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्येही तो आला. त्यात डाव सोडणारा गडी डाव घेणाऱ्याचा हात धरून त्याला जोराने पुढे फेकतो. म्हणजे ढकलणे हा तिथे नियमच आहे! हे वाचले तेव्हा मी पुण्याच्या घरात एकटाच उठून उभा राहिलो. वडिलांना हे कळते तर! पण त्यांनी ते न वाचताच ओळखले होते. सहा रात्री एकट्याने कोणी फिरू शकत नाही. जिथे तिथे कोणीतरी ढकलणारा लागतो.

असो. लोहाऱ्याला उतरलो तो दुपारी. स्थानकावर माझा वर्गमित्र न्यायला आला होता. त्याचे आडतीचे दुकान आहे. "कवा निघालास? जेवलास का?" हे दोन प्रश्न त्याने माझी पिशवी हातातून ओढून घेता घेताच विचारले. घरी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या डाळीचे वरण. या वयात डॉक्टरांनी वर्ज्य केलेले सगळे मी खाल्ले.

संध्याकाळी तो मला मोटारसायकलवर घालून तालुका दाखवायला निघाला. याच तालुक्यात हिप्परगा. निजामाच्या राज्यात 1921 साली तिथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला होते. सरकारी कृपेवाचून, गावच्या लोकांनी दिलेल्या धान्यापैशावर शाळा चालवायची, तीही त्या काळात! आणि याच तालुक्यात माकणीचे निम्न तेरणेचे धरण. पण मित्राने गाडी घेतली ती सास्तूरच्या रस्त्याला. मी काही बोललो नाही. त्याची थोरली बहीण सास्तूरला दिलेली होती.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून माणसे दमून झोपलेली. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. आमच्याकडची घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर हातहात मातीचे धाबे. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. त्या पहाटे तेच माळवद अंगावर आले. पलीकडे लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि अलीकडे सास्तूर, दोन्ही भुईसपाट. सगळी मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुढे 52 गावे उठवून दुसऱ्या जागी वसवली.

नवे सास्तूर रुंद रस्त्यांचे, ओळीत मांडलेले आहे. आम्ही जुन्या जागेपाशी थांबलो. बाभळी, वेड्या बाभळी, मधूनच एखाद्या चौथऱ्याचे दगड. मित्र एका कडुनिंबाकडे बोट करून म्हणाला, "इथं आक्काचं अंगण." मग थोड्या वेळाने, "गाव तिकडं गेलं. आक्का इथंच हाय."

मला तेव्हा लंडनचे ते यंत्र आठवले. जागा ओळखायला त्याला आजूबाजूच्या इमारती लागत. इथे एकही इमारत नाही. तरी माझा मित्र अंधारातसुद्धा नेमक्या त्या अंगणात येऊन उभा राहिला असता.

तिथेच, त्या निंबाखाली बसून मी त्याला सगळे सांगितले. शाळेत मी बोललो होतो, हे सांगितले. लंडनची गल्ली सांगितली. तो निमूट ऐकत होता. मग तंबाखू मळत म्हणाला, "त्यात काय! आम्हाला आधीच ठावं होतं."

"म्हणजे?"

"अरे, तुझे वडील पाचव्या रातीला. चौथ्या रातीला माझा बाप होता. तिसऱ्या रातीला तेली. पिंजाऱ्यानं तर दोन राती ढकललं. बाजारपेठेतल्यांनी पाळी लावली होती. माणूस मरंल म्हणून."

मला काही सुचेना. मग मी विचारले, "अन् बैठकीत?"

मित्राने तंबाखू तोंडात टाकली नाही. तळहातावर तशीच धरून बसला. "बैठकीत सगळेच होते," तो म्हणाला. "माझा बापबी होता. तुझे वडील उठले. बाकीचे खाली बघून बसले. घरी आल्यावर बाप जेवला नाही. आईला म्हणाला, 'एकटा उठला गं तो.' मी अंथरुणात जागा होतो. तुला सांगावं असं लई वाटलं. तू ढकल्याचा पोरगा म्हणून मार खायचास, तवा बी वाटलं. पण मग माझ्या बापाचं नाव आलं असतं ना मधी."

वाचकहो, मी लोहाऱ्याला माझी बाकी फेडायला गेलो होतो. तिथे कळले की, खाते माझ्या एकट्याचे नव्हतेच. याने मन हलके व्हायला हवे होते. तसे झाले नाही. उलट वडिलांची ती पाठ डोळ्यांपुढे आली. पारावर उभे राहिलेली, नेहमीपेक्षा ताठ. आपल्याबरोबर ढकलणारे सगळे समोर बसले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. एकाचेही नाव त्यांनी घेतले नाही. 'आम्ही ढकललं' असे म्हणाले असते तर निकाल फिरला असता. ते 'मी' म्हणाले.

आणि मग घरी येऊन त्यांनी मलाही काही विचारले नाही. आता मला वाटते, त्यांना विचारायची गरजच नव्हती. पाचव्या रात्री मी मैदानाकडे गेलो, तेव्हा फेरी मारता मारता त्यांचे तोंड माझ्या बाजूला एकदा तरी आलेच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या नातीने माझा प्रश्न सोडवला. ती नववीत आहे. लंडनच्या खेळाची हकीकत तिने रात्री जेवताना ऐकली होती आणि तिला ती मुळीच नवलाची वाटली नव्हती. "आजोबा, आपण बी करू की. मोबाइल हाय, सायकल हाय." तिच्याजवळ शाळेला जायची सायकल होती. तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची एक रबरी पट्टी कापली आणि माझा मोबाइल मुठीपाशी करकचून बांधला. त्या रबराचा वास आला आणि मला आमचे दुकान दिसले: पाण्याची घमेली, पंक्चर काढायचे सोल्यूशन, भिंतीला टांगलेली चाके.

मैदान आता मैदान राहिलेले नाही. तीन बाजूंनी दुकाने आली आहेत; मोबाइल विकणारी, चार्जर दुरुस्त करणारी. मधे एवढीशी मोकळी जागा उरली आहे. पारापासून पावले मोजून मित्राने रिंगणाचा अंदाज सांगितला. मी सायकलवर बसलो. मुलींची सायकल, मधला दांडा नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला ती सोयीची. मोबाइलवर आवाज मुद्रित करण्याची खूण मुलीने दाबून दिली आणि ती बाजूला झाली.

मी गोल फिरू लागलो आणि बोलू लागलो. या खेपेस ज्या जागेची गोष्ट त्याच जागी, आणि ज्यांना कळेल त्यांच्याच भाषेत. वडिलांचे नाव घेतले, दुकान सांगितले, रात्र सांगितली, माझी बढाई सांगितली. चौथ्या-पाचव्या फेरीला मला धाप लागली, सायकल लडबडली. तेवढ्यात खोगिरामागे हात लागल्यासारखे वाटले. पाहतो तो मित्र! एका हाताने धोतराचा सोगा सावरत, सत्तरीचा म्हातारा मला ढकलत चालला होता. "बोल तू," तो म्हणाला. "थांबू नको."

दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले. दोघा-तिघांनी आपापले मोबाइल काढून आमचे चित्रण सुरू केले. मी सांगायचे ते सगळे सांगितले. मित्राने मधेच, धापा टाकत, आपल्या बापाचे नाव सांगितले. तेही त्यात आले.

मग आम्ही दोघे पाराच्या पायरीवर टेकलो. नातीने मोबाइल सोडवून घेतला, नियमाप्रमाणे रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि कानाला लावून सगळे ऐकले. पुरती सात-आठ मिनिटे. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी बसत असू, तसे.

ती परत आली. मोबाइल माझ्या हातात दिला.

"आजोबा," ती म्हणाली, "मग त्या सायकलवाल्याचा पाय टेकला होता का नव्हता?"

माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे.

"नव्हता," तो म्हणाला.

"मग पैसे द्यायला पाहिजे होते," ती म्हणाली, आणि शाळेला उशीर होतो म्हणून सायकलवर टांग टाकून निघून गेली.